दगडांची वरात

एका घाटमाथ्यावरच्या गावात एक बग्गीवाला राहत होता. त्याच्याकडे बग्गी एकच, पण काय बग्गी! आजोबांनी स्वतः घडवलेली. दोन्ही बाजूंना पितळी कंदील, आत मखमली गादी आणि पाठीवर कोरलेले मोर. गावातली प्रत्येक नवरी त्याच बग्गीतून घाट उतरून सासरी जायची. बग्गी मोकळी नसली तर लोक लग्नाची तिथी पुढे ढकलायचे, आता बोला!

एके दिवशी भर दुपारी शेजारच्या गवताच्या गंजीने पेट घेतला आणि बघता बघता आग बग्गीच्या छपरावर आली. गाव धावलं. घागरीवर घागरी ओतल्या. आग विझली तेव्हा मखमल नव्हती, मोर नव्हते, नुसता काळा सांगाडा उरला होता. दोन चाकांना जोडणारा लोखंडी आस तेवढा लालभडक होऊन पडला होता. त्याच्यावर गार पाणी पडलं आणि असा काही चर्र आवाज झाला, की माणसं दचकून मागे सरली.

बग्गीवाला कपाळाला हात लावून बसला. महिन्यावर त्याच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न आलं होतं.

बायको म्हणाली, "अहो, जळालं ते जळालं. कुणाचा जीव गेला नाही, हे काय थोडं झालं? लेकीला बैलगाडीतून पाठवू."

"बग्गीवाल्याची लेक आणि बैलगाडीतून? तुझ्या जिभेला काही हाड आहे का?" तो ओरडला. "मी ही बग्गी पुन्हा उभी करीन!"

त्याने लोहाराला बोलावलं. लोहार सांगाड्याखाली वाकला, आसावरून हात फिरवला आणि कपाळाला आठी घातली.

"काय झालं?"

"दादा, लाल लोखंडावर गार पाणी पडलंय. असं लोखंड वरून धड दिसतं आणि आत चिरलेलं असतं. नवा आस घालू या."

"आजोबांचा आस आहे तो! तोही फेकला, तर या बग्गीत आजोबांचं राहिलं काय?"

"मग निदान काढून ठोकून बघू. चांगला असला तर खणखणीत वाजेल."

बग्गीवाल्याच्या मनात आलं, आणि नाही वाजला तर? तो घाईघाईने म्हणाला, "बघू की. आधी लाकूडकाम होऊ दे."

लाकूडकाम झालं. "बघू, आधी रंग होऊ दे." रंगही झाला. आता आस काढायचा तर रंग खरवडावा लागणार, म्हणून तेही राहिलं. माणसाला एखादी गोष्ट बघायचीच नसली ना, की त्याला कामं फार सुचतात!

बग्गी पहिल्यासारखी दिसू लागली. लोक वाहवा करत होते, पण बग्गीवाला तिच्याखाली वाकून बघत नव्हता. सपाट रस्त्यावर त्याने ती एकदा चालवून पाहिली. खालून 'कट्' असा बारीक आवाज आला. "वंगण कमी पडलं असेल," तो स्वतःशीच म्हणाला. त्याने वंगण घातलं आणि पुन्हा काही बग्गी चालवली नाही.

आता त्या गावाची एक रीत होती. गाडी नवी असली, की घाटात पहिल्यांदा तिच्यात माणसं बसत नसत. घोडा सोडायचा, गाडीत दगड भरायचे, दगडांना हळद-कुंकू लावायचं आणि मागून दोर धरून गाडी उतरवायची. याला म्हणत दगडांची वरात. दगड सुखरूप पोचले, की मग माणसं.

लोहाराने भीत भीत विचारलं, "दादा, दगडांची वरात कधी काढायची?"

"ती नव्या गाडीला! ही जुनी आहे. हिची वरात आजोबांच्या काळातच निघाली."

"खरंच की!" लोक म्हणाले. चाकं नवी, लाकूड नवं, गादी नवी आणि गाडी मात्र जुनी! पण बग्गीवाल्याला दुखवायचं कुणी? लोहारही आपल्या भात्याकडे परतला.

लग्न लागलं. पाठवणीची वेळ आली. सनई वाजत होती. वऱ्हाडी बग्गीभोवती दाटीने उभे होते. समोर घाट उतरत होता. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला तळ न दिसणारी दरी.

लेकीने पायरीवर पाय ठेवला. खालून पुन्हा तोच आवाज आला, 'कट्'. तिने तो ऐकला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने बापाकडे पाहिलं.

"बाबा, बसू ना? तुम्ही म्हणत असाल तर बसते."

बग्गीवाल्याने चाकांकडे पाहिलं. ती रडली असती, नाही म्हणाली असती, तर तो रागावला असता आणि त्याने तिला बसवलंच असतं. पण तिने त्याच्यावर विश्वास टाकला, आणि त्याचा स्वतःवर तेवढा विश्वास नव्हता.

"उतर," तो म्हणाला. मग मोठ्याने ओरडला, "घोडा सोडा! दगड आणा!"

सनई थांबली. नवऱ्याचा बाप चिडला. "भर मुहूर्तावर दगड? आमच्या सुनेचा अपमान करताय? महिनाभर काय करत होतात?"

"भीत होतो," बग्गीवाला म्हणाला. सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाला. "आस खराब निघेल म्हणून मी तो ठोकून पाहिलाच नाही."

लोहाराने मखमली गादीवर पहिला दगड ठेवला. नवरा-नवरीच्या वजनाचे दगड भरले. माणसांनी मागून दोर धरला. बग्गी उतरू लागली. पहिल्या वळणाला ती कलली आणि कडाड् असा मोठा आवाज झाला. आस मधोमध तुटला. "सोडा, दोर सोडा!" बग्गीवाला किंचाळला. माणसांनी दोर सोडला नसता, तर तीही ओढली गेली असती. दगडांसकट बग्गी दरीत गेली. आपटण्याचे आवाज बराच वेळ येत राहिले आणि मग थांबले.

नवऱ्याचा बाप मटकन खाली बसला. बग्गीवाल्याने लेकीला पोटाशी धरलं आणि तो लहान मुलासारखा रडला. बग्गीसाठी नव्हे हो. ती पायरीवर उभी असताना आपण "बस" म्हणणार होतो, या भीतीने.

घाटाखाली बैलगाडी मागवली आणि तिथपर्यंत सगळं वऱ्हाड पायीच उतरलं. वळणावर लेकीने दरीकडे पाहिलं नाही. बापाने पाहिलं, आणि खालपर्यंत तिचा हात सोडला नाही.

तात्पर्य काय, तर जे ठोकून बघायची भीती वाटते, तेच आधी ठोकून बघावं. आणि ज्याची खात्री नाही, त्यात आपलं माणूस बसवू नये.