उताणा मासा

“मरणार तर नाही ना, महाराज?”

विचारणाऱ्याचा आवाज कापत होता. हा आवाज कापू शकतो, हे तालुक्यात कुणाला सांगून पटलं नसतं. साखर कारखान्यावर दादासाहेब रणनवऱ्यांनी उभी हयात राज्य केलं होतं. त्यांच्या सभेत ठराव वाचून होण्याआधीच मंजूर होत. विरोधात हात वर करणाऱ्याचा ऊस शेतातच वाळून जाई.

असा हा माणूस आज प्रवरेकाठच्या मठात, भारतीबुवांसमोर, जमिनीवर बसला होता. शेजारी घरगडी गेनू. गेनूच्या मांडीवर काचेचं भांडं. भांड्यात एक सोनेरी मासा... उताणा.

बुवांनी वाकून पाहिलं. माशाचं पोट टम्म फुगलं होतं. कल्ले हलत होते, म्हणून जिवंत म्हणायचा.

“एका माशासाठी एवढा घाबरलास?”

“माशासाठी नाही, महाराज... मालनसाठी.” दादासाहेब पुढे सरकले. “बायकोला अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून अंथरुणाला खिळली आहे. बोलत नाही, हलत नाही. नातवानं हे भांडं उशाशी ठेवलं आणि तिची बुबुळं हलली. मासा जाईल तिकडं तिची नजर जायची. डॉक्टर म्हणाले, एवढा एकच धागा उरलाय. आता हाच असा पडून राहिला तर... काल मी खोलीत गेलो, तर तिनं डोळे मिटून घेतले.”

बुवांनी भांड्याच्या काचेवर बोट टेकवलं.

“खातो का?”

“खातो की! त्यात हयगय नाही. मी जातीनं चौकशी करतो. गेनू! सकाळी घातलंस ना रे खायला?”

“घातलं, मालक,” गेनू घाईनं म्हणाला. म्हणता म्हणता त्याचा हात खिशात गेला, डबी निघाली आणि चिमूटभर दाणे पुन्हा पाण्यावर पडले.

“घातलं होतंस ना?” बुवांनी विचारलं. “मग आता पुन्हा का?”

गेनूनं डबी घाईघाईनं खिशात सारली.

“अरे, बोल की! दातखीळ बसली का?” दादासाहेब गरजले.

गेनू दचकला. पाणी हिंदकळलं. तळाशी साचलेला कुजका थर उसळून वर आला आणि मासा त्या गढुळात दिसेनासा झाला.

दादासाहेब भांड्यावर वाकले.

“गेला?...”

“तू गप्प बस.” बुवा गेनूकडे वळले. “बाळ, घरात याला खायला कोण कोण घालतं?”

गेनूनं मालकाकडं पाहिलं. मग बुवांकडं.

“समदीच, महाराज. मालक उठल्या उठल्या विचारत्यात. चहाला विचारत्यात, जेवताना विचारत्यात. घातलं म्हणावं, अन् त्यांनी येऊन बघावं, अन् पाण्यावर दाणा दिसू नये... मग? म्हणून सूनबाईसाहेब घालत्यात, स्वैपाकीणबाई घालती, मी बी घालतो. नर्सबाई म्हणाल्या व्हत्या, लई होतंय म्हणून.”

“मग?”

“मग त्या बी घालाया लागल्या.”



“उपास,” बुवा म्हणाले. “काही दिवस एक दाणासुद्धा नको. रोज थोडं जुनं पाणी काढायचं, थोडं भरून ठेवलेलं नवं घालायचं. जगला तर तेवढ्यानं जगेल.”

“एवढंच ना?” दादासाहेबांनी फोन काढला. “आत्ता सांगतो घरी. कुणी एक दाणा जरी टाकला, तर हात तोडून ठेवीन!”

गेनूच्या मांडीवरचं पाणी पुन्हा हिंदकळलं.

या वेळी दादासाहेबांनी ते पाहिलं. फोन धरलेला हात तसाच हवेत राहिला. मालनच्या मिटलेल्या पापण्या डोळ्यांपुढे आल्या. ती झोपली नव्हती. पापण्या घट्ट आवळलेल्या होत्या.

त्यांनी फोन खिशात ठेवला.

“महाराज... याला इथंच ठेवून घ्या. माझ्या घरात हा जगायचा नाही.”

“मासा घरी जाईल. त्या बाईला बघायला काही नको?” बुवांनी गेनूला निघायची खूण केली. “तू इथं राहा.”

“मी? आणि तिकडं तिला काही झालं तर?...”

बुवांनी गेनूला दाराकडं बोट दाखवलं.

गेनू भांडं छातीशी धरून उठला. दारात सवयीनं थांबला, मालकाच्या हुकमासाठी. दादासाहेबांनी तोंड उघडलं... आणि मिटलं. बाहेर गाडी सुरू झाली. तिचा आवाज वळणापलीकडे विरेपर्यंत ते कान देऊन बसले होते.

“महाराज,” अखेर ते पुटपुटले, “मासा जगला की मेला... मला खरं सांगणार कोण? माझ्या घरात तसं कुणी नाही.”

“वाट बघ,” बुवा म्हणाले. “घरचं कुणी येऊन तुझ्या तोंडावर ‘नाही’ म्हणेल, त्याला विचार.”