तळ्याला विचारून कोरलेली होडी

तळ्यांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट.

एका तळ्याकाठी एक शिकारी राहायचा. होडीतून मासे धरायचा, लव्हाळ्यात शिरून बदकं टिपायचा. उन्हाळ्यात तळं आटायचं. त्याआधी मासे सुकवून ठेवले, तरच बायको आणि लहानगी लेक यांच्या पोटाला काही मिळायचं. आणि नेमकी त्या वर्षी त्याची जुनी होडी कुजली. त्यानं आंब्याचं एक जाड खोड आणलं आणि कुऱ्हाडीला धार लावली.

त्या गावची एक रीत होती. नवी होडी कोरण्याआधी काठावर जाऊन तळ्यातल्या जीवांची माफी मागायची. "तुमच्या जिवावर आमचं पोट आहे, राग धरू नका," एवढं म्हणायचं आणि घरी यायचं.

हा मात्र तिथेच रेंगाळला. आलोच आहे तर विचारून घेऊ, असं त्याला वाटलं. हे तळं यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? माणसाला शहाणपण कधी कधी नको तिथे सुचतं.

"होडी कशी करू?" त्यानं विचारलं.

बदक म्हणालं, "रुंद कर, बाबा. अरुंद होडी डुलते, नेम चुकतो."

मरळ माशानं डोकं वर काढलं. "बूड जाड ठेव. पातळ बुडाला ओंडका लागला की भोक पडतं. घरी लेकरू आहे ना तुझं?"

शिकाऱ्याचे डोळे भरून आले. ज्यांना मारायचं, तेच किती मायेनं बोलतात! पण घरी येऊन तो गोंधळून बसला. जुनी होडी तर अरुंद होती, हलकीही होती. मग इतकी वर्षं आपण चुकतच होतो का? तो कुऱ्हाड उचलायचा, खाली ठेवायचा. घटकाभर खोडाच्या या बाजूला बसायचा, घटकाभर त्या.

"अहो, जुनीसारखीच कोरा ना," बायको म्हणाली. "तिनं आपल्याला कधी उपाशी ठेवलं?"

"अगं, पण ते खोटं कुठे बोलतायत? अरुंद होडी डुलतेच की."

"डुलते खरी," ती म्हणाली, आणि तीही गोंधळली.

शेवटी होडी झाली. रुंद, जाड बुडाची, भक्कम. पाण्यात लोटताना दोघांनाही धाप लागली. लव्हाळ्यापाशी नेली, तर ती आत शिरेना. मरळ असते उथळ चिखलात. तिकडे वळवली, तर बूड गाळात रुतलं.

"फसवलंत मला!" शिकारी ओरडला.

लव्हाळ्याच्या आतून बदकानं विचारलं, "डुलली का?"

"नाही."

"भोक पडलं?" मरळीनं विचारलं.

"नाही."

"मग?"

शिकारी गाळात उतरला आणि होडी ढकलू लागला.

दुसरी होडी कोरायला वेळच उरला नाही. तळं आटलं. तो उन्हाळा घरानं कडू कंद उकडून काढला. लेक घास थुंकून रडायची, आणि हा तिच्याकडे पाठ करून बसायचा.

पुढच्या वर्षी त्यानं होडी अरुंद आणि हलकी कोरली. माफी मागायला गेला तो कानांत कापूस घालूनच. त्या गावात अजूनही तसंच जातात.

म्हणून सल्ला खरा आहे एवढ्यानं भागत नाही. देणाऱ्याचं हित कशात आहे, तेही पाहावं.