अत्तरवाल्याचा सत्कार

अत्तराचा एक व्यापारी एकदा मोठ्या प्रसन्न मुद्रेने आपल्या वृद्ध गुरूंकडे आला. शिष्य जुना, पण त्याच्या आयुष्यातली मधली बारा वर्षे दारूने खाल्ली होती. बायकोने शेवटचे बजावले तेव्हा कुठे तो भानावर आला. गुरूंनी त्याला तेव्हाच सांगितले होते, "ही लढाई एकट्याने होत नाही. दारू सोडलेल्यांच्या सभा भरतात. त्यांतली आपली सभा शोध आणि तिथे जाऊन बैस."

त्याने शोधल्या. व्यापारी माणूस तो, चार ठिकाणी पारखल्याशिवाय माल कसा घेणार?

"गुरुजी, सभा मिळाली," तो म्हणाला. "वाचनालयाच्या माडीवर भरते. पांढऱ्याशुभ्र गाद्या, माणसे सारी मोठ्या घरची. साठ दिवस पूर्ण झाले की शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतात. येत्या गुरुवारी माझा आहे."

"आणि बाकीच्या?"

"एक होती नारळाच्या वखारीमागे. पोत्यांवर बसायचे. मी गेलो त्या दिवशी तिथे एक जण चक्क पिऊन आला होता! दारू सोडायला जायचे आणि शेजारी दारूचाच भपकारा? मी नाक धरून परत फिरलो."

एवढे त्याने सांगितले. सांगितले नाही ते असे, की चाळिसाव्या दिवशी भाच्याच्या लग्नात त्याने दोन पेले घेतले होते. म्हणजे गुरुवारी खरे दिवस वीसच भरणार होते. माडीवरच्या सभेत मात्र तो साठाकडे चाललेला आकडा सांगे आणि टाळ्या पडत. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी तो मनाची समजूत घाली. पण अलीकडे दुपार झाली की त्याचे पाय गुत्त्याकडे ओढ घेत, आणि हे सांगावे असे एकही माणूस त्याला उरले नव्हते. आपण पुन्हा बुडणार, असे त्याला वाटे. त्याला फार भीती वाटत होती.

गुरू एवढेच म्हणाले, "सत्काराला मीही येईन."

गुरुवारी संध्याकाळी व्यापारी वाचनालयाच्या जिन्यापाशी उभा होता. गुरू जवळ आले आणि त्याच्या अंगावर काटा आला. दारूचा वास! तोही हातभट्टीचा. पण त्याचे नाक पिढीजात अत्तरवाल्याचे. क्षणात त्याने ओळखले, की गुरूंचा श्वास निर्मळ आहे, वास उपरण्याला येतो आहे. त्यांनी पेलाभर दारू मुद्दाम त्यावर ओतून घेतली होती.

"गुरुजी, हे काय?"

"वर चल."

दारातल्या गृहस्थांनी आधी हात जोडले आणि मग तेच हात आडवे केले. "बाबा, आज नको. पाहुणे आले आहेत. शुद्धीवर या, मग अवश्य या." त्यांच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. ते व्यापाऱ्याकडे वळले, "आपण या ना. सगळे आपलीच वाट पाहताहेत."

'हे माझे गुरू आहेत,' एवढे चार शब्द व्यापाऱ्याला बोलता आले असते. गुरू जिना उतरू लागले. आत कुणीतरी त्याचे नाव पुकारले. तो उंबऱ्यावर क्षणभर घुटमळला आणि गुरूंच्या मागे खाली उतरला.

गुरू थेट वखारीमागे गेले. पोत्यांवर दहा-बारा जण बसले होते. एका हमालाने गुरूंकडे पाहिले, त्यालाही वास आला, आणि तो बाजूला सरकला. "बसा बाबा. चहा घ्या. बोलायलाच पाहिजे असं काही नाही, नुसतं बसलात तरी चालतंय."

गुरूंनी चहाचा घोट घेतला आणि शिष्याला हलकेच म्हणाले, "माडीवरची माणसे वाईट नव्हेत. सावरलेल्यांना ती सभा उत्तम आहे. पण तू सभा निवडलीस ती आपल्या चांगल्या दिवसाला शोभेल अशी. आधार लागतो वाईट दिवशी. पडलेल्याला ज्या दारातून आत घेतात, ते दार आधी पाहून ठेवावे. मला अडवले तेव्हा तुझा चेहरा पांढरा पडला. ती भीती काही माझ्यासाठी नव्हती."

व्यापाऱ्याने मान खाली घातली. गुरूंना सारे कळले होते.

एकेक जण बोलत गेला. शेवटी हमालाने विचारले, "पाव्हणं, तुमचे किती दिवस झाले?"

साठ म्हणणे सोपे होते. सवयीचेही होते.

"वीस," व्यापारी म्हणाला. "चाळिसाव्या दिवशी घेतली मी. घरी माहीत नाही. आज दुपारी पुन्हा गुत्त्याच्या दारापर्यंत जाऊन आलो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी हळहळलेही नाही. हमालाने थोडा विचार केला.

"उद्या दुपारी कुठं असता?"

"दुकानात."

"मग मी येतो तिकडं. बसू दोघं."

व्यापाऱ्याला एकदम रडू आले. सावरायला त्याला बराच वेळ लागला.

"बाराला या," तो म्हणाला. "बारापासूनच ओढ लागते."