अध्यक्षांचा पारखी हात

जिमखान्याचे अध्यक्ष सबनीससाहेब खेळायचे कमी आणि रॅकेटी पारखायचे जास्त. मृदुलाची रॅकेट दिसायला हुबेहूब त्यांच्या रॅकेटसारखी, पण स्वस्तातली. तेवढ्यावरून त्यांनी तिला संघातून वगळलं.

"दोन्हींतला फरक मी डोळे मिटूनही सांगेन!" साहेब गरजले.

मृदुलाने लगेच त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि हातात रॅकेट दिली.

साहेबांनी ती फिरवली. "ही माझी. नुसतं पीस!" मग दुसऱ्यांदा हातात आलेली फिरवली. "आणि हे तुझं लाटणं!"

रुमाल सुटला. मृदुलाने दोन्ही वेळा त्यांचीच रॅकेट दिली होती.

"दुसऱ्या वेळी माझा हात दमला होता," साहेब फणकारले.

"म्हणजे फरक हातातच असतो," मृदुला म्हणाली. "मग साहेब, संघ निवडताना आमचेही हातच बघा की!"