ईश्वरीनं उघडलेली कुलपं

“...मंग आता तरी पेढा खा ना, महाराज? पोरगी हरली, मी जिंकलो. आनखी काय पाह्यजे?”

विश्वंभर गावंडे टेकडी चढून आला होता तो जवळजवळ पळतच. धाप अजून ओसरली नव्हती, आणि पेढ्यांचा पुडा त्यानं शंभूगिरी महाराजांच्या पुढ्यात असा ठेवला होता, जसं काही घरी बारसं आहे.

महाराज धुनीजवळ बसले होते. त्यांनी एक पेढा उचलला, उलटसुलट करून पाहिला.

“कोन हरली?”

“ईश्वरी. माही पोरगी.”

“आन लढाई कशाची होती?”

“कुलपाची, महाराज.”

महाराजांनी पेढा तोंडात टाकला आणि मांडी नीट घातली. गोष्ट म्हटली की या माणसाला तहानभूक राहत नसे.

“सांग. पयल्यापासून.”

विश्वंभर हा साधासुधा भक्त नव्हे. निदान त्याचं स्वतःचं मत तसं होतं. कारंजखेड तालुक्यात ज्या दारावर कॅमेरा आहे, ज्या घरात वायफाय आहे, तिथं बहुतेक त्याचाच हात लागलेला. मठातही त्यानंच कॅमेरा बसवला होता, प्रसाद पळवणाऱ्या माकडांसाठी. माकडं अजूनही प्रसाद पळवतात. आता ती पळवताना दिसतात, एवढंच. पण तेव्हापासून विश्वंभर स्वतःला पट्टशिष्य म्हणवून घेऊ लागला होता, आणि महाराजांनीही कधी नाही म्हटलं नव्हतं.

असा हा हुशार माणूस स्वतःच्या घरात मात्र पुरता नामोहरम झाला होता. बारा वर्षांची ईश्वरी शाळेतून आली की टॅबलेट घेऊन कोपऱ्यात बसे. दिवेलागण होऊन बराच वेळ झाला की बाप घरी येई, तरी तिची मान वर होत नसे. जेवलीस का? हं. अभ्यास झाला? हं. बापलेकीचं सगळं बोलणं त्या एका ‘हं’वर येऊन ठेपलं होतं, आणि ते विश्वंभरच्या जिवाला फार लागत होतं. गेल्या दिवाळीत तो इथंच बसून डोळे पुसत म्हणाला होता, “महाराज, तिनं मान वर करून माह्याशी बोलावं. मले दुसरं काही नको.”

घरात ज्याचा त्याचा सल्ला तयार होता. बायको म्हणे, मोकळं सोडा, आपोआप कंटाळेल. मेहुणा म्हणे, टॅबलेट माळ्यावर फेका आणि शिडी काढून घ्या. विश्वंभरनं आपल्या धंद्यातला उपाय काढला. कुलूप.

“टॅबलेटले पासवर्ड टाकला,” तो सांगू लागला. “सकाळी शाळेपुरतं मी उघडून देनार, बाकी बंद. पन मी लय विसरतो, महाराज. साऱ्या तालुक्याचे पासवर्ड डोक्यात. म्हून मशीन म्हनते, आठवासाठी एक इशारा लिहून ठेवा. तो इशारा कुलपावर दिसते. मी लिहिलं, ‘पहिली सायकल’.”

“आन पासवर्ड?”

विश्वंभर जरा घुटमळला.

“शेरू.”

“सायकलचं नाव शेरू?”

“मले कुत्रा पाह्यजे होता. माय पाळू देत नव्हती. मंग सायकल आली, तं तिलेच शेरू म्हनलं. रातच्याले दोरीनं खाटेले बांधत होतो.”

महाराज असे हसले की धुनीवरची राख उडाली.

“मंग?”

“मंग काय, दुसऱ्या दिवशी कुलूप उघडं. पोरगी आजीजोळ जाऊन बसली होती. माह्या मायनं सारी कथा सांगतली. मी सायकलसंगं नाल्यात पडलो ते बी, आन शेरूले लागलं म्हून रडलो ते बी.”

“पोरीनं इचारलं म्हून?”

“हाव ना. एरवी आजीच्या खोलीत डोकावत नाई. त्या दिवशी उठाचं नावच नाई.”

“मंग?” महाराज पुढं सरकले.

“मंग मी इशारा बदलला. ‘शाळेतलं नाव’. म्हनलं, आता पाहू. घरात कोनालेच ठाऊक नाई. तं पोरगी दळनाचा डबा घेऊन गिरनीवर. गिरनीवाला नामदेव माह्या वर्गातला.”

“काय नाव होतं?”

“ते जाऊ द्या ना.”

“विश्वंभर...”

“भोंगा,” विश्वंभर म्हणाला. “शाळेच्या पयल्या दिवशी मी असा रडलो, महाराज, की लोकाईले वाटलं कापसाच्या जिनिंगचा जेवनाचा भोंगा झाला. जिनिंगवरचे लोक डबे सोडून जेवाले बसले म्हनतात.”

महाराजांनी मांडीवर थाप मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून.

“पिठानं पांढरी होऊन घरी आली. आन मले पाहून नुसती हसे. ताटावर बसली तरी हसे. मी इचारलं काय झालं, तं म्हने, काही नाई बाबा. आन पुन्हा हसे.”

“मान वर करून हसे?”

“हाव,” विश्वंभर म्हणाला. मग जरा थांबला... “हाव.”

सांगता सांगता त्याचा चेहरा इतका फुलला होता की कोणाला वाटावं, पेढे पोरगी जिंकल्याचेच आहेत. हात हलवून, आवाज बदलून तो सांगत होता. आजीचा आवाज, नामदेवचा आवाज, ईश्वरीचं ते तोंड दाबून हसणं. माकडंसुद्धा पायरीवर येऊन बसली होती.

“मंग?”

“मंग तिसऱ्या खेपेले मी अवघड घातलं. ‘सर्वांत मोठी भीती’. हे मी बायकोलेबी कधी सांगतलं नाई.”

“कशाची?”

“...विहिरीची.”

महाराज हसायचे थांबले.

“लहानपनी बकेट काढाले उतरवलं होतं मले. दोर अटकला. अंधार पडेपरेंत खालीच होतो. बहीन वरून बोलत राह्यली, म्हून वाचलो. ते फक्त तिलेच ठाऊक. पोरीनं तिले अमरावतीले फोन लावला. ज्या आत्याशी वाढदिवशीबी बोलत नाई, तिच्याशी बोलली.”

“उघडलं?”

“उघडलं. पन तवा एक मजा झाली, महाराज. त्या रविवारी आमी सासऱ्याच्या वावरात गेलो हुरड्याले. तिथं मोठी विहीर आहे, बिनकठड्याची. तं पोरगी सारा वेळ माह्या आन विहिरीच्या मधून चालत होती. मी इकून गेलो तं इकून, तिकून गेलो तं तिकून. मी म्हनलं, बाजूले हो, मधात मधात काय येते? हटलीच नाई. काहून, कोन जाने.”

महाराजांनी धुनी सारखी करायला चिमटा उचलला होता. तो हातातच राहिला.

“मंग?” ते हळूच म्हणाले.

“मंग मी म्हनलं, आता खेळ पुरे.” विश्वंभरनं खिशातून फोन काढला आणि नाचवला. “आता पासवर्ड मी बनवलाच नाई. मशीननं बनवला. अक्षरं, आकडे, टिंबं, सारी खिचडी. इशारा नाई, काही नाई. मलेबी ठाऊक नाई तो काय आहे. माह्या बोटाच्या ठशानंच उघडते. आता इचार म्हना कोनाले इचारते ते. उद्या शाळेत पालकसभा आहे, महाराज. साऱ्या मायबापाईले मी हेच कुलूप लावून देनार. एकबी लेकरू उघडू शकनार नाई. म्हून आधी तुमचा आशीर्वाद घ्यावं म्हनलं.”

तो पायांवर डोकं ठेवायला वाकला. महाराजांनी पाय मागं घेतले.

“मंग?”

“मंग काय, महाराज?”

“मंग पोरीनं काय केलं?”

“काही नाई. कुलपाकडे पाह्यत बसली थोडी. इशारा शोधला. मंग टॅबलेट माह्या पुढ्यात आनून ठेवला आन गेली.”

“कुठं गेली?”

“तिच्या कोपऱ्यात. पुस्तक घेऊन बसते.”

“आजीजोळ?”

“नाई जात आता.”

“गिरनीवर?”

“...नाई.”

“मान वर करते?”

विश्वंभरनं नाचवत धरलेला फोन हळूहळू खाली आला.

खाली गावात कुठंतरी लग्नाचा बँड वाजत होता. टेकडीवर त्याचा फक्त ढोल ऐकू येत होता.

“तू कवापासून येतो इथं?” महाराजांनी विचारलं.

“लय दिवस झाले. पयला शिष्य मीच तुमचा.”

“माहं घरचं नाव काय?”

विश्वंभर गोंधळला. “साधूले असं इचारू नये म्हनतात.”

“कोन म्हनते?”

“...लोक.”

“मले सायकल येते का?”

विश्वंभर महाराजांच्या पायांकडे पाहू लागला, जसं काही उत्तर तिथं लिहिलेलं आहे.

“मले कशाचं भेव वाटते? कोनाले इचारलं कधी?”

“नाई, महाराज.”

महाराज उठले. गुडघ्यावर हात टेकत मठाच्या कडेला गेले, जिथून खाली सगळं कारंजखेड दिसतं. गावाकडं तोंड करून त्यांनी दोन्ही हात जोडले आणि खूप वेळ तसेच उभे राहिले.

विश्वंभर धडपडत त्यांच्या मागं आला. “कोनाले हात जोडले, महाराज?”

“एवढी वर्षं झाली... असा शिष्य मले नाई भेटला.”

विश्वंभरला आधी वाटलं, आपल्यालाच म्हणताहेत. सवय होती बिचाऱ्याला. मग त्यानं महाराजांच्या जोडलेल्या हातांच्या रोखानं खाली पाहिलं. पाण्याच्या टाकीच्या डाव्या अंगाला त्याच्याच घराचं पत्र्याचं छप्पर उन्हात चमकत होतं.

आणि मग ते वावर त्याच्या डोळ्यांपुढं आलं. बिनकठड्याची विहीर, आणि तिच्या कडेकडेनं, बापाला विहिरीपासून लांब ठेवून चालणारी एवढीशी पोर. आपण तिला म्हटलं होतं, मधात मधात काय येते.

पण विश्वंभर रडत बसणारा माणूस नव्हता, करणारा माणूस होता. तो एकदम उसळला. फोन त्याच्या हातातच होता आणि टेकडीवर रेंज तर तालुक्यात कुठं नाही अशी.

“आत्ताच बदलतो, महाराज. इथूनच होते. काढून टाकतो ते मशीनचं.” त्याच्या तोंडावर हसू होतं आणि डोळे भरले होते. “सोपं ठेवतो. तिचा जन्मदिवस ठेवतो.”

“नाई.”

“मंग कुलूपच काढून टाकू?”

“नाई.”

“मंग शेरू ठेवू पुन्हा?”

“ते उघडलं तिनं.” महाराज वळले. “तुह्याबद्दल तिनं कोनाकोनाले इचारलं?”

“मायले. नामदेवले. बहिनीले.”

“आन तुले?”

फोन हातात पेटलेला होता, पडद्यावर नवा पासवर्ड लिहायची मोकळी जागा होती आणि तिच्याखाली इशाऱ्याची.

“सांगा ना, महाराज,” तो शेवटी म्हणाला. “काय ठेवू?”

महाराजांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“असं काहीतरी ठेव, जे तुह्या मायलेबी ठाऊक नाई... आन संध्याकाळी घरी राह्यजो.”