बुचाची उत्सुकता

फार जुनी गोष्ट. आयर्लंडमधल्या एका खेड्यात नोरा म्हातारीनं गावातलाच मध पाण्यात कालवला, मद्यासाठी बरणीत आंबायला ठेवला आणि वर बूच सैलसर टेकवलं.

आत दिवसभर बुडबुड चाले. मध एवढं बोलतो तरी काय, या विचारानं बुचाला चैन पडेना. नीट ऐकू यावं म्हणून ते बरणीच्या गळ्यात घट्ट रुतून बसलं.

"अरे, जीव कोंडतोय माझा! तडकेन मी!" बरणी कळवळली.

"थांब गं! आत्ताच गप्प झालाय तो. आता नक्की काहीतरी महत्त्वाचं सांगणार!"

फट्‌! बूच उडालं ते थेट छपराला आपटलं.

नोरानं ते पुसून पुन्हा सैलसर टेकवलं. बुडबुड सुरू झाली.

"शेवटी काय म्हणाला गं तो?" बुचानं हळूच विचारलं.

"दुसरं काय म्हणणार?" बरणी म्हणाली. "जरा सरक म्हणाला."