चार नावांची नकारयादी

विषय : करारातील कलम अकरा अन्वये मिळालेला नकाराचा हक्क सोडून देण्याबाबत.

संदर्भ : श्री. प्रीतम गजभिये, वय एकतीस, पेनल्टी कॉर्नर मारणारे हॉकीपटू, यांचा मुदतीच्या अखेरच्या दिवशीचा अर्ज.

हकीकत खालीलप्रमाणे.

"…मंग माझ्या मर्जीशिवाय मला हलवता येत नाही, तर हे पत्र आलंच काऊन?"

प्रीतमने हा प्रश्न कामठीच्या मैदानावर, दुपारी साडेतीन वाजता, मेश्राम मास्तरांना विचारला. विचारला म्हणण्यापेक्षा अंगावर टाकला. मास्तर बाकावर बसून एका जुन्या स्टिकच्या मुठीला पट्टी गुंडाळत होते. त्यांनी वर पाहिले नाही.

याच मास्तरांनी त्याला नवव्या वर्षी स्टिक धरायला शिकवली होती. पुढे तो व्यावसायिक लीगमध्ये गेला, नागपूरच्या संघाकडून खेळू लागला, आणि मास्तरांकडे येणे सणावारापुरते उरले.

आज सण नव्हता.

पत्र क्लबचे होते. भाषा फार सभ्य होती, म्हणजे निर्णय आधीच झाला होता. सोमवारपासून प्रीतमने राखीव संघात हजर व्हावे. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत आज सायंकाळी पाचला संपते. त्यानंतर वर्षभर कोणालाही कोठेही जाता येणार नाही.

राखीव संघात सराव रोज असतो, सामना कधीच नसतो. एकतिसाव्या वर्षी असे एक वर्ष गेले, की पुढच्या वर्षी कोणी करार करत नाही. हे प्रीतमला ठाऊक होते. आवाज त्यामुळेच चढला होता.

मास्तरांनी कलम वाचायला सांगितले.

त्याने मोबाइलवर वाचले. लीगमधल्या इतर सात संघांपैकी चार नावे खेळाडूने दरवर्षी लिहून द्यायची. त्या चार संघांकडे त्याला त्याच्या लेखी संमतीशिवाय पाठवता येत नाही. उरलेल्या तीन संघांकडे पाठवताना त्याला विचारण्याची गरज नाही.

"अन् राखीव संघाचं काय लिहिलं आहे?"

प्रीतमने बोटाने वर-खाली चाळले. काही लिहिले नव्हते. कलमे अशीच असतात. लिहिणाऱ्याला जेवढी दारे आठवतात, तेवढ्यांनाच कुलूप लागते.

मग त्याने बाकीचे सांगितले. क्लबला नवा, स्वस्त मुलगा मिळाला होता. याला कोठेतरी पाठवायचे म्हणून क्लबने उरलेल्या तीन संघांना विचारले. तिन्ही संघांकडे आपापले कॉर्नर मारणारे होते. तिघांनी आभार मानून नकार कळवला.

"ती चार नावं तू कशी काढली?"

इथे प्रीतम प्रथमच खुलला. बाकीची पोरे नावडती शहरे लिहून देतात, तो तसला नव्हता. त्याने गेल्या मोसमातले सगळे सामने बसून पाहिले होते. कोणाकडे कॉर्नर मारणारा नाही, कोण आपल्याला मागू शकेल, ते शोधले होते. नेमके तेच चार लिहिले. ज्यांना गरज आहे त्यांची वाट बंद. ज्यांना गरज नाही ते मागणार नाहीत. नागपूर कायमचे पक्के.

"वकिलालाही सुचलं नव्हतं, मास्तर."

मास्तरांनी हात पुढे केला.

प्रीतमने शेजारी बसत खिशातून यादीची प्रत काढून दिली. मास्तरांनी ती वाचली नाही. कागद उलटा केला, कोरी बाजू वर घेऊन त्याच्या मांडीवर ठेवला आणि शर्टाच्या खिशातला पेन दिला.

"तू ज्यांना पाहिजे आहेस, त्यांची नावं लिही."

प्रीतम हसला. लिहू लागला. राउरकेला. जालंधर. भोपा…

पेन थांबला.

मैदानापलीकडे कोणीतरी गोलची जाळी सोडवत होते. चार वाजून दहा मिनिटे झाली होती.

"मला फक्त कुठं जायचं नव्हतं, मास्तर."

"अन् खेळायचं?"



प्रीतमने कागद सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

"आता यातली कोणती बाजू खरी धरू?"

"कागद एकच आहे."

त्यानंतर पुष्कळ फोन झाले. राउरकेल्याचा व्यवस्थापक म्हणाला, आजच्या आज घेतो. पण तू तर आमचं नाव नकारात टाकलं होतंस, आम्हाला वाईट वाटलं होतं. क्लब म्हणाला, आमची ना नाही; मात्र हक्क सोडल्याची लीगची मंजुरी पाचच्या आत हवी. लीगच्या कार्यालयातून सांगण्यात आले, की अर्ज करा.

अर्ज बाकावरच लिहिला गेला. चारही संघांबाबत माझा नकाराचा हक्क मी स्वखुशीने सोडत आहे. स्वखुशीने हा शब्द त्याने दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा ठेवला. चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी अर्ज मेलने गेला.

चार छप्पनला उत्तर आले. आपला अर्ज मिळाला असून योग्य त्या अधिकाऱ्यांकडे सादर करण्यात आला आहे.

प्रीतम उभा राहिला. बसला. पुन्हा उभा राहिला. मोबाइलचा पडदा विझला, की तो अंगठ्याने जागा करायचा.

पाच वाजले. मग पाच वाजून तीन मिनिटे झाली. मुदतीपूर्वी आलेल्या अर्जावर मुदतीनंतर निर्णय देता येतो का, असे त्याने कार्यालयाला फोन करून विचारले. पलीकडच्या माणसाने हा मुद्दा चांगला असल्याचे सांगितले, आणि तोही लेखी द्यायला सांगितला.

त्याने फोन खाली ठेवला.

"मी तर हो म्हटलं, मास्तर. आता कोणाचं राहिलं?"

मास्तरांनी दातांनी पट्टी तोडली. टोक अंगठ्याने दाबून धरले.

"तुझं ‘नाही’ अजून पोहोचतंय."

सदर अर्ज अद्याप प्रलंबित आहे.